मडमिणीची देवी

आमच्या घरचे देव पाडव्याला घर बदलतात. एक वर्ष अमरावतीला आमच्याकडे, एक वर्ष अकोल्याला मोठ्या दिरांकडे. सासरे गेल्यावर अंजनगावकडची शेती वाटली गेली, भांडी वाटली गेली, पण देव वाटायचे कसे ते कुणालाच ठरवता येईना. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला की देव फिरतील, आणि जिथे देव तिथे मी. त्यामुळे दर पाडव्याला लाल फडक्यात गुंडाळलेले देव आणि तो पितळी डबा मांडीवर घट्ट धरून बसलेल्या आत्याबाई एकाच गाडीतून उतरतात. सासूला आमच्यात आत्याबाईच म्हणतात.

डबा उघडून देव ताब्यात घेणं माझ्याकडे असतं. मी शाळेत गणित शिकवते. बोर्डाच्या परीक्षेत वर्गातून फिरताना एखादं पोरगं फारच शहाण्यासारखं पेपरात मान घालून बसलेलं दिसलं की मला वाटतं, आहे काहीतरी. मोज्यात असेल, पट्टीच्या मागे असेल. बहुतेक वेळा असतंच. अशी सवय लागलेली बाई राजापेठेतल्या आपल्या घराचा जिना चढली म्हणून एकदम भोळी कशी होईल? देव येतात तेव्हा मी त्यांचे फोटो काढते आणि पुढच्या पाडव्याला जातात तेव्हा परत काढते. नवरा त्याला पंचनामा म्हणतो. म्हणू दे.

देव म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसा उठवलेले छोटे टाक, त्यात माहूरची रेणुका, खंडोबा आणि घराण्यातला एक वीर. शिवाय रांगणारा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, शंख. आणि या सगळ्यांत वेगळी दिसणारी मडमिणीची देवी. चिकूच्या अर्ध्या फोडीएवढी लंबगोल, रंगही तसाच तपकिरी, आणि त्यावर पांढऱ्या रंगात उठून आलेला एका बाईचा एका बाजूने दिसणारा चेहरा. सरळ नाक, कपाळावर कुरळ्या बटा, केसात पानं खोचलेली.

ही आमच्याकडे आली ती माझ्या सासऱ्यांच्या जन्माच्या वेळी. त्यांची आई बाळंतपणात अडली होती आणि मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईने दोघांनाही वाचवलं. पुढे ती बाई कायमची आपल्या देशी जायला निघाली तेव्हा बाळाला भेटायला आली आणि जाताना आपल्या गळ्यापाशी लावलेली ही पिन काढून बाळाच्या झबल्याला टोचून गेली. घरच्या बायकांनी पाहिलं तर बाईचं तोंड. ज्या बाईने पोर दिलं तिने देवीही दिली, एवढा सरळ हिशेब त्यांनी केला. सोनाराकडून मागची पिन काढवली, पाठीमागे लाख भरून चांदीचा पत्रा बसवून घेतला, म्हणजे ती टाकांच्या रांगेत नीट उभी राहील, आणि तिला देवघरात बसवलं. ती कोण, कुठली, हे कुणीही विचारलं नाही. केसात द्राक्षाची पानं माळणारी बाई ग्रीकांच्या दारूच्या देवाच्या संगतीतली असते हे आता मला ठाऊक आहे, पण ते मी आत्याबाईंना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

त्या पाडव्याला नेहमीप्रमाणे देव आले. चिंचेचा कोळ तयार होता. देव घरी आले की, सणाच्या आदल्या दिवशी आणि दर अमावास्येला सगळे देव चिंचेत टाकायचे, मग रांगोळीने घासायचे, शंख तेवढा साध्या पाण्याने धुवायचा, ही आत्याबाईंची पद्धत. दोन्ही सुनांना त्यांनीच ती शिकवली आणि दोन्ही घरी ती जशीच्या तशी पाळली जाते. देव लखलखीत झाले की आत्याबाई एकेकाला हातात घेऊन कुंकू लावतात. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, त्यामुळे कुठला देव हातात आला ते त्या अंगठा फिरवून ओळखतात. रेणुका झाली, खंडोबा झाला. मडमिणीच्या देवीवर त्यांचा अंगठा गेला आणि तिथेच थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला.

"हे आपली नोय," त्या म्हणाल्या.

काय झालं म्हणून मी विचारलं.

"नाक कुठी हाय हिचं? आपल्या देवीचं नाक हाताले लागे. हे कोनी दुसरीच हाय. बदलली कोनीतरी."

कोणीतरी म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. देव आत्ताच अकोल्याहून आले होते. अकोल्याला वर्षभर ते मोठ्या जाऊबाईंच्या हाताखाली होते. आणि वैशाखात जाऊबाईंच्या मुलीचं लग्न होतं.

हा शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यात आपोआप आला. लग्नाचा हॉल मोठा घेतला होता. मुलीच्या हातात नवीन पाटल्या होत्या. मागच्या दिवाळीत मी जाऊबाईंना, त्यांना मी ताई म्हणते, पैशाचं कसं काय जमवलं असं सहज विचारलं तेव्हा त्या "होते सगळं" म्हणून चहा टाकायला उठून गेल्या होत्या. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता सगळंच वाटायला लागलं. संशय असा एकदा घरात शिरला की तो स्वतःच पाट घेऊन बसतो.

आत्याबाईंनी मात्र त्याच संध्याकाळी निकाल देऊन टाकला. नातीच्या लग्नात देव लागतात आणि देवांसोबत त्या लागतात. त्या म्हणाल्या की ज्या घरात देवी बदलली त्या घरात त्या पाय ठेवणार नाहीत, लग्न असो की काही असो, आणि देवही जाणार नाहीत. नवऱ्याने समजावून पाहिलं. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि जप करायला लागल्या. नातीच्या लग्नात आजी नाही आणि घरचे देव नाहीत म्हटल्यावर पाहुण्यांत काय काय बोललं जाईल हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. ताई चोर ठरणार होत्या, तेही मुलीच्या मांडवात, आणि पुन्हा कधी देव फिरणार नव्हते.

मी जुने फोटो काढले. सगळ्यात जुना फोटो हात हलल्यामुळे थोडा धुरकट आला होता, पण त्यात नाक दिसत होतं, तरतरीत, टोकाला किंचित वळलेलं. आता हातात असलेल्या देवीचं तोंड चोखून टाकलेल्या गोळीसारखं गुळगुळीत होतं. बटा गेल्या होत्या, पानं म्हणजे नुसते फुगवटे. हे पाहून मला, खरं सांगते, थोडा आनंदच झाला. कॉपी सापडल्यावर होतो तसा. मग आनंद गेला आणि राग आला, कारण ताई काही परक्या नव्हत्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत अमरावतीला येऊन राहिल्या होत्या.

मी शोधायला लागले. फोनवर बायकांच्या चेहऱ्यांचे असे शेकडो दागिने निघाले आणि आमच्या देवीला जगात कॅमिओ म्हणतात हे मला या वयात कळलं. दोन रंगांचे थर असलेली वस्तू घ्यायची, वरच्या फिकट थरातून चेहरा कोरून काढायचा आणि खालचा गडद थर मागे पार्श्वभूमीला ठेवायचा, अशी ती कला. हे दगडात करतात, शंख-शिंपल्यांत करतात, आणि फसवायचं असेल तर प्लास्टिक ओतूनही करतात. खरं-खोटं ओळखायच्या खुणाही दिल्या होत्या. प्लास्टिक हाताला कोमट लागतं, दातावर हलकेच टेकवलं तर मऊ आवाज येतो. मी देवीला दातावर टेकवलं आणि आत्याबाईंना दिसत नाही याबद्दल पहिल्यांदाच देवाचे आभार मानले. आवाज टणक आला. भिंगातून कोरणीच्या बारीक रेषा दिसायला हव्यात. आमच्या देवीच्या तोंडावर रेषाच नव्हत्या, फक्त केसांच्या खोबणीत साठलेलं कुंकू होतं. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे उजेडासमोर धरायची. शंखातली असेल तर उजेड आरपार येतो. पण आमच्या देवीच्या पाठीला चांदीचा पत्रा होता, आणि त्याच्या आत लाख. उजेड येणार कुठून?

म्हणून सराफ्यात गेले. ओळखीच्या सोनाराकडे मुद्दामच गेले नाही, कारण ओळखीच्या सोनाराकडे ताईही जाऊ शकतात. अनोळखी दुकानात मी पत्रा काढून द्या म्हटलं आणि समोर बसून राहिले. सोनाराने चहा मागवला, मी घेतला नाही. चहाच्या कपाकडे बघताना हातचलाखी होते. त्याने अगोदर तराजूत ठेवून पाहिलं आणि म्हणाला की चांदीचं मोल देता येईल, वरच्या खड्याचं काही नाही. नाक गेलेल्या बाईला कोण विचारतं, असंही हसत म्हणाला. पत्रा सोडवताना म्हणाला की लाख फार जुनी आहे, काळी पडून दगड झाली आहे, हे कुणी अलीकडे उघडलेलं नाही. मी मनात म्हटलं, लाख तापवली की मऊ होते, मलाही कळतं. मग लाख काढून त्याने मागची बाजू पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला की ठेवून जा, संध्याकाळी एकाला दाखवतो. आत्तापर्यंत मोल नसलेली वस्तू संध्याकाळी कुणाला दाखवायची होती? मी देवी रुमालात बांधली आणि उठले.

गच्चीवर गेले. चैत्रातलं अमरावतीचं ऊन म्हणजे काही सांगायला नको. देवी सूर्यासमोर धरली आणि ती आतून पेटल्यासारखी झाली. तपकिरी भाग केशरी झाला, त्यातून बाईच्या चेहऱ्याची कड उमटली, आणि मानेजवळून एक केसाएवढी भेग चमकली. पाठ किंचित आत वळलेली होती, वाटीसारखी, आणि तिथे कुणाचा हात न लागल्यामुळे चकचकीत. म्हणजे ही प्लास्टिकची नव्हती, दगडाचीही नव्हती. खरी होती.

एवढं कळल्यावर शहाणी बाई थांबली असती. मी नाही थांबले. फोनवर असंही वाचलं होतं की मोल ठरतं ते कोरणीच्या धारेवर. नाक-डोळे शाबूत असले तर वस्तूला किंमत, झिजले तर नाही. मी लगेच हिशेब मांडला. ताईंनी चांगली देवी विकली आणि तिच्या जागी झिजलेली पण खरी आणून बसवली, म्हणजे कुणी तपासलं तरी पकडली जाणार नाही. त्याच पानावर खाली 'कसं जपाल' असा एक भाग होता. तो मी वाचला नाही. चोर पकडायला निघालेला माणूस कुलूप कसं लावावं हे वाचत बसत नाही.

आत्याबाईंना शाळेत मीटिंग आहे असं सांगून मी एसटीने अकोल्याला निघाले. देवी रुमालात, रुमाल स्टीलच्या डबीत, डबी पर्समध्ये आणि पर्स पोटाशी. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईने पाणी विचारलं तर तिचाही मला संशय आला.

ताई मागच्या ओट्यावर मोरीजवळ बसल्या होत्या. लग्नासाठी समया, ताम्हन, पळी, सगळं परातीत चिंचेत भिजत घातलं होतं. काळजीने झोप झालेली नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, साड्या बघायला आले. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले.

"तू साड्या पाहाले नाही आली," त्या म्हणाल्या. "आत्याबाईचा फोन आला होता मले."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता. मी डबी उघडून देवी त्यांच्यासमोर ठेवली आणि सरळ विचारलं की आधीची कुठे आहे. इतकं सरळ विचारायचं नव्हतं. बसमध्ये मी वेगळी वाक्यं तयार केली होती.

ताई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. घरात गेल्या आणि फोन घेऊन आल्या. फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पाय."

त्यांच्या फोनमध्ये देव होते. दर पाडव्याचे. आमच्याकडून देव आले की डबा उघडून काढलेले फोटो, देव परत द्यायच्या आधी काढलेले फोटो. माझ्यासारखेच. फक्त त्यांचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते आणि फोटो स्वच्छ आले होते.

"तुमच्याकडून आली का दरवेळी नाक कमी," त्या म्हणाल्या. "मले वाटे तू बदलून राहिली. दोन-तीन वर्षं झाले मले वाटते. पन बोलली असती तं घर फुटलं असतं. म्हनून गप राहिली."

मला संताप आला. आधी तोच आला, लाज नंतर. इतकी वर्षं ही बाई मला चोर समजत होती आणि माझ्या ताटात भाकरी वाढत होती? दिवाळीला ओवाळत होती? मग लक्षात आलं की मी तरी काय करत होते. कुणीतरी आपल्याला मनात चोर धरून आपल्याशी गोड बोलतं आहे हे कळल्यावर कसं वाटतं ते मी त्या ओट्यावर अनुभवलं. ताईंना तो अनुभव मी आत्ताच, तोंडावर, दिला होता. त्यांनी गप्प राहून मला त्यातून तरी वाचवलं होतं.

आम्ही दोघी ओट्यावर बसलो आणि दोन फोन शेजारी शेजारी ठेवले. माझा पाडवा, त्यांचा पाडवा, माझा पाडवा, त्यांचा पाडवा. नाक एकाएकी गेलंच नव्हतं. ते उतरत गेलं होतं. माझ्याकडे असतानाही थोडं, त्यांच्याकडे असतानाही थोडं. आणि प्रत्येक फोटोत गळ्यापाशी तपकिरी भागात एक तिळाएवढा काळा ठिपका होता, तिथल्या तिथे. मी समोरची देवी उचलली. ठिपका होता. कुणी काही बदललं नव्हतं. ही तीच होती, जन्मभर आमच्याच घरात राहिलेली.

"मंग नाक गेलं कुठी?" ताईंनी विचारलं.

 मी इकडे तिकडे बघत राहिले. परातीत चिंचेच्या पाण्यात सगळी पूजेची भांडी पडली होती, आणि बाजूला एका वाटीत साध्या पाण्यात लग्नासाठी आणलेला नवा शंख वेगळा ठेवला होता. याला का वेगळं ठेवलं, असं मी उगाचच विचारलं. घरातल्या प्रत्येक सुनेला उत्तर माहीत होतं, मलाही होतं.

"शंखाले चिंच दाखवा लागत नाही," ताई म्हणाल्या. "शंख उतरते. आत्याबाईनंच तं सांगतलं."

 मी वाटीतला शंख उचलला, त्याची पातळ कड उन्हासमोर धरली, आणि दुसऱ्या हातात देवी धरली. दोन्ही सारखेच उजळले. देवी शंखाची होती. हे मी गच्चीवर पाहिलं होतं, फोनवर वाचलं होतं, आणि तरी मला दिसलं नव्हतं, कारण मी तिच्यात ताईंना शोधत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच. दर अमावास्येला तिला चिंचेत बुडवून, रांगोळीने घासून, आम्ही दोघींनी मिळून तिचं तोंड पुसलं होतं. आमच्याआधी आत्याबाईंनी, त्यांच्याआधी त्यांच्या सासूने. शंख तेवढा सगळ्यांनी जपला.

ताई त्याच संध्याकाळी माझ्यासोबत अमरावतीला निघाल्या. बसमध्ये मी तो न वाचलेला भाग वाचून दाखवला. लिंबू, चिंच, साबण, अत्तर काही लावायचं नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, क्वचित तेलाचं बोट. धातूंसोबत एका डब्यात ठेवायचं नाही, घासलं जातं. कडक उन्हात, फार कोरड्या हवेत भेगा पडतात, म्हणून जवळ पाण्याची वाटी ठेवावी. ताई म्हणाल्या की हे तर बाळंतिणीसारखं झालं. आम्ही दोघी हसलो. किती दिवसांनी, ते सांगता येत नाही.  पण खरं अवघड पुढेच होतं. आत्याबाईंना काय सांगणार? देवी तुमच्याच हाताने झिजली, असं? ज्या बाईने आयुष्यभर कुठल्या देवाचं पाणी चुकवलं नाही तिला?

आम्ही सांगितलं. एक वाक्य मी, एक ताई. कोणी बदलली नाही, कोणी विकली नाही, चिंचेने झिजली. आत्याबाई मान खाली घालून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "तुमी दोघी कधी एका तोंडानं बोलल्या का? आज बोलून राहिल्या. म्हनजे दोघींनी मिळून इकली."

 त्यांचं म्हणणं आमच्या आजवरच्या वागण्याला धरूनच होतं. फोटो त्यांना दिसत नव्हते, ठिपका दिसत नव्हता, उजेड दिसत नव्हता. नवरा कूलरजवळ उभा राहून नुसता मान हलवत होता.

मग ताई उठल्या. देवघरातला शंख आणला आणि आत्याबाईंच्या डाव्या हातात दिला. उजव्या हातात देवी दिली, पण पालथी. पत्रा निघालेलाच होता. त्यांचा अंगठा हातात धरून ताईंनी तो देवीच्या पाठीवर टेकवला आणि हात काढून घेतला.

अंगठा त्या आत वळलेल्या, गुळगुळीत पाठीवरून फिरला. मग डावा अंगठा शंखाच्या तोंडातून आत गेला, जिथे तो तसाच वळतो, तसाच थंड लागतो. परत देवीवर आला. त्या दोन्हीकडे बघितल्यासारखं करत बसल्या. त्यांना समजलं हे आम्हाला त्यांच्या हातांवरून समजलं, कारण हात थांबले.

"शंखाची हाय हे," त्या म्हणाल्या. "मले कोनी सांगतलं नाही."

कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं, ताई म्हणाल्या.  आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पदराने पुसलं नाही, तसंच राहू दिलं. मला वाटलं, आता त्या ताईंना काहीतरी म्हणतील, चुकलं वगैरे. त्या तसलं काही म्हणणाऱ्यांतल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अकोल्याची गाडी सकाळची कोनती हाय?"

लग्न झालं. देव मांडवात होते, आत्याबाई देवांजवळ होत्या, आणि मडमिणीची देवी कुठल्याही सुनेच्या स्वाधीन न करता त्यांनी मऊ फडक्यात बांधून स्वतःच्या कमरेच्या पिशवीत ठेवली होती. संशय गेला असला तरी सवय कुठे जाते? ताईंनी आणि मी तेव्हा एकमेकींकडे पाहिलं. पाठीचा पत्रा आम्ही परत बसवला नाही. तसं त्यांनीच सांगितलं.

पुढच्या पाडव्याला देव अकोल्याला गेले तेव्हा मी फोटो काढले आणि तिकडे ताईंनी काढले. आता आम्ही ते एकमेकींना पाठवतो. नाक आहे तेवढंच आहे. चिंच आली की देवी उठून बाजूला शंखाजवळ जाऊन बसते आणि तिच्याजवळ पाण्याची वाटी असते.

मध्ये मी अकोल्याला गेले तेव्हा सकाळी आत्याबाई पूजेला बसल्या होत्या. रेणुकेला कुंकू लावलं, खंडोबाला भंडारा. मडमिणीच्या देवीला काही लावलं नाही. तिला तळहातावर पालथी घेतली आणि तिच्या पाठीवरून हळूहळू अंगठा फिरवत बसल्या, माहेरी आलेल्या लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी विचारलं की आत्याबाई, तोंडावरून का नाही फिरवत.

"तोंड तुमच्या फोटोत हाय," त्या म्हणाल्या. "मले पाठ पुरते."